भिवरा गोंदणारणीचे चार ठिपके

लई वर्सांमागं, तुमच्या आज्याच्या आज्याला दुधाचे दातबी आले नव्हते तवा, आमच्या कुसवड्यात भिवरा नावाची गोंदणारीण व्हती. तिची सुई अशी हलकी, की गोंदून घेता घेता बाया घोरायच्या, असं म्हंत्यात. जीभ मातर सुईपरास टोकदार.

त्या साली नदीपल्याड देवीची साथ आली. रोज एक पाळणा रिकामा. सरकारनं लस टोचणारा धाडला, संगं दोन शिपाई. शिपायांनी एका रडत्या पोराला दाबून धरलं आन् टोचलं. झालं! गावानं धान्य बाहेर वतलं आन् पोरं कणगीत दडवली. पाटील सोताच कणगीत बसला, निस्ती मिशी बाहेर ऱ्हायली, असं म्हंत्यात.

मामलेदार भिवराला म्हणाला, “बाई, तुमच्यापुढं सगळे आपणहून हात धरतात. गोंदतानाच गुपचूप लस टोचा. कुणाला कळतंय?”

भिवराची तान्ही नातबी कणगीतच व्हती. सून दार उघडंना. तरी भिवरा म्हणाली, “सायेब, सुई माझी, पर दंड त्यांचा. फसवून टोचलं, तर उद्या माझ्यापुढं हात कोण धरंल? आदी ते शिपाई घालवा, आन् मला टोचा.”

पारावर, समद्यांदेखत टोचून घेतलं. आठ दिस बाही वर करून तिथंच बसली. ताप आला, फोड आला, खपली धरली. बाया रोज बघाय यायच्या. कुणी म्हणं आज मरती, कुणी म्हणं उद्या. भिवरा म्हणं, “मेले तर माझी कोंबडी खावा गं. पर पिसं नीट काढा!”

नवव्या दिशी उठली आन् पायलीभर जवारी दळली. तवा सून लेकरू घेऊन आली. “आत्याबाई, हिला टोचा.”

“दोन दिस ताप यील. खूण जल्माची ऱ्हाईल. न्हाई म्हणलीस तरी तुला तुळस फुकट गोंदीन. बोल.”

“टोचा.”

खपली पडल्यावर भिवरानं नातीच्या खुणेभवती चार ठिपके गोंदले. ते बघून समद्यांनाच ठिपके पायजे झाले. भिवरा म्हणं, “आदी लस, मंग ठिपके!” रांग पार नदीपातुर गेली. शेवटाला पाटील आला. “भिवराबाई, दुखतं का गं?”

“मिशीला न्हाई दुखत, पाटील. दंड द्या.”

मंग देवीमाय गाढवावर बसून नदी उतरून आली, असं म्हंत्यात. दारोदारी पोरांनी दंड दावले. माय हासली. “माझ्याआदी कोण येऊन गेलं गं हितं?” भिवराफुडं बसली, सोता चार ठिपके गोंदून घेतले, आन् आल्या वाटंनं माघारी गेली. कुसवड्यात एक पाळणा थांबला न्हाई.

आजबी आमच्याकडं कसलीबी लस आली, की नर्सबाई आदी गावातल्या समद्यात म्हाताऱ्या बाईला टोचती. मंग एकेकाला ईचारून टोचायचं, आन् जागेभवती पेनानं चार ठिपके काढायचे. मागल्या खेपंला ती म्हातारी म्हंजी मी. मी मुद्दाम “मेले गं!” म्हणून डोळे फिरवले. म्हणलं, आता पळत्यात समदी.

तर एक चिमुरडी कमरंवर हात ठिवून म्हणती कशी, “आज्जे, मेलीस तर कोंबडी आमची. नर्सबाई, घ्या माझा दंड.”