डुबडुबी बेडकी आणि घुमटाचं घर

एक होतं मोठ्ठं घर. घरावर घुमट, घुमटावर झेंडा. ते घर सगळ्या लोकांचं. तिथे लोकांनी निवडलेली माणसं जमतात. बोलतात, भांडतात, आणि सगळ्यांसाठी काय करायचं ते ठरवतात.

घरापुढे कारंजं. कारंज्याच्या हौदात राहायची डुबडुबी बेडकी आणि तिची शेपटीवाली पिल्लं.

एके दिवशी कारंजं थांबलं. हौद आटला. उरलं एवढंसं डबकं. पिल्लं चिखलात वळवळू लागली.

डुबडुबी म्हणाली, "कारंज्या, कारंज्या, उड ना."
"माळीकाका नळ सोडतील, तर मी उडेन."

टप्पाक टप्पाक, डुबडुबी गेली माळीकाकांकडे.
"काका, काका, नळ सोडा ना. कारंजं उडेना, पिल्लांना पाणी मिळेना."
"साहेब सांगतील, तर मी सोडेन."

टप्पाक टप्पाक, डुबडुबी गेली साहेबांकडे.
"साहेब, साहेब, सांगा ना. माळीकाका सोडेनात, कारंजं उडेना, पिल्लांना पाणी मिळेना."
साहेब चहा पीत होते. "सभा ठरवेल, तर मी सांगेन."

टप्पाक टप्पाक, डुबडुबी गेली घुमटाखाली. तिथे सभेची जागा. बाकं सगळी रिकामी. मधोमध उंच, जुनी खुर्ची.
"खुर्चीआजी, खुर्चीआजी, सभा भरवा ना. साहेब सांगेनात, माळीकाका सोडेनात, कारंजं उडेना, पिल्लांना पाणी मिळेना."
"घंटा वाजेल, तर सभा भरेल. लहान आहेस अजून. थांबायला शीक."
"मी थांबेन, आजी. पिल्लं कशी थांबतील?"
आजीला डुलकी लागली होती.

टप्पाक, टप्पाक. डुबडुबी गेली घंटेकडे.
"घंटाताई, घंटाताई, वाज ना. सभा भरेना, साहेब सांगेनात, माळीकाका सोडेनात, कारंजं उडेना, पिल्लांना पाणी मिळेना."
"साहेब कळ दाबतील, तर मी वाजेन."

टप्पाक... टप्पाक... पुन्हा साहेबांकडे.
"साहेब, साहेब, कळ दाबा ना. घंटा वाजेना, सभा भरेना, साहेब सांगेनात, माळीकाका सोडेनात, कारंजं उडेना, पिल्लांना पाणी मिळेना."
"सभा ठरवेल, तर मी दाबेन."

डुबडुबी मटकन खाली बसली. सभा थांबली घंटेसाठी. घंटा थांबली साहेबांसाठी. साहेब थांबले सभेसाठी. बाहेर ऊन चढत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तेवढं पाणी पिल्लांना कसं पुरणार?

मग तिला राग आला. भिंतीवर होती लाल कळ. डुबडुबीने उडी मारली. पोचली नाही. पुन्हा मारली. धप्पकन पडली. पुन्हा मारली.

ट्रिंगगगग!

घंटा वाजली. माणसं पळत आली. सभा भरली. डुबडुबी टप्पकन खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "पाणी हवं." सभेने ठरवलं. साहेबांनी सांगितलं. माळीकाकांनी नळ सोडला. फुस्स्, फुस्स्, झर्रर्र... कारंजं उडालं.

हौद भरला. पिल्लं पोहू लागली. सगळ्यात धाकटं मात्र हलेना. डुबडुबीने त्याला नाकाने ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं. शेपूट हललं. एवढंसंच. मग आणखी थोडं. मग झुळुक झुळुक, झुळुक झुळुक.

पिल्लं भिजली, डुबडुबी भिजली, आपली गोष्टसुद्धा भिजली.