लहानूने सोडलेला मंत्र

प्रवरेच्या काठच्या बोरखिंडीत शांतवन महाराज मुक्कामाला आले, की गावाच्या त्या टोकाला मोठी लगबग सुरू होई. महाराज प्रभू येशूचे भक्त. अंगावर जाडाभरडा सदरा, हातात एकतारी, आणि स्वभाव असा की आल्या आल्या आधी विचारणार, काम काय काढलंय? त्या वर्षी ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराची पडलेली भिंत पुन्हा उभी राहत होती. महाराजांनी एकतारी बाजूला ठेवली आणि ते चुना कालवायला बसले. भजन ऐकायला म्हणून आलेल्यांनाही मग मुकाट्याने दगड वाहावे लागले!

त्या दगड वाहणाऱ्यांत लहानू होता. हा लहानू पूर्वी विंचू उतरवणारा म्हणून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर प्रसिद्ध. मंत्र त्याला बापाकडून मिळालेला, आणि मंत्राची अट अशी, की तो ओठांतल्या ओठांत म्हणायचा. दुसऱ्याच्या कानी पडला, तर त्याचा गुण गेलाच म्हणून समजा. पुढे महाराजांचे कीर्तन ऐकून लहानूचे मन पालटले. त्याने बाप्तिस्मा घेतला, मंत्र सोडला, आणि बिचारा मध्येच लोंबकळत राहिला. गावकरी म्हणत, याने हातचा गुण घालवला, आता याला विचारतो कोण! आणि मंडळीत तरी त्याला आपले कोण म्हणत होते?

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे, होते अमृतराव मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवत. आजोबांपासूनचे ख्रिस्ती, शास्त्र तोंडपाठ, आणि या दोन्ही गोष्टी दिवसातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या कानावर घातल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. लहानूला ते चारचौघांत ‘मंत्रवाला’ म्हणून हाक मारत. पाण्याने अंग धुतले जाते, जीभ कशी धुणार, असेही वर म्हणत. लहानू मान खाली घालून हसल्यासारखे करी आणि सगळ्यांच्या मागे जाऊन बसे.

अशात एका गुराख्याच्या म्हाताऱ्या आईला विंचू चावला. ती कण्हत लहानूच्या दारात येऊन बसली. तिला परत कसे धाडायचे? लहानूने तिचा हात हातात धरला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. ते ओठ हलताना कोणीतरी पाहिले, आणि बातमी मास्तरांकडे पोचली. मास्तरांना तेवढेच हवे होते. येत्या रविवारी तालुक्याहून पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस द्यायला यायचे होते. लहानूच्या आयुष्यातले ते पहिलेच प्रभुभोजन. मास्तरांनी सांगून टाकले, की हा माणूस अजून मंत्र म्हणतो, त्याने त्या दिवशी दाराबाहेर बसावे.

लहानू पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठला. तो महाराजांकडे आला आणि म्हणाला, “महाराज, म्या मंत्र न्हाई म्हनला. परभूचीच प्रार्थना केली. पन हळूच केली. मोठ्यानं केली तर तिचा गुन जाईल, आसं वाटलं.”

महाराजांना हसू आवरेना. किती निर्मळ चूक ही! चुन्याचे हात तसेच त्याच्या खांद्यावर ठेवून ते म्हणाले, “अरे, मंत्र एकट्याचा असतो, म्हणून तो लपवावा लागतो. प्रार्थना लेकरं बापाजवळ करतात. लेकरू बापाला हाक मारताना कुजबुजतं का?”

“मंग म्या आता हाये तरी कोन, महाराज?”

“त्याचं लेकरू. मास्तरांनी म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी.”

लहानू पुन्हा दगड उचलायला गेला. त्या दिवशी तो ओझे वाहताना गुणगुणत होता म्हणतात.

शनिवारी भरदुपारी काम चालू असताना मास्तरांची नात सुवार्ता दगडांच्या ढिगाशी खेळत होती. पाच-सहा वर्षांची पोर. तिने एक दगड उलथला आणि किंकाळी फोडली. तांबडा विंचू बोटाला डसला होता! बघता बघता पोरीचे अंग घामाने भिजले, हातपाय गार पडले. दवाखाना तालुक्याला. बैलगाडी जुंपायला माणसे धावली, पण पोचेपर्यंत संध्याकाळ होणार, हे सगळ्यांना कळत होते. बायका महाराजांना हाका मारू लागल्या. महाराज म्हणाले, “लहानू आहे ना तिथे.”

लहानू पोरीजवळ बसला. तेव्हा अमृतराव मास्तर खाली वाकले.  त्याच्या कानाशी लागून ते म्हणाले, “लहानू, तुझा तो जुना मंत्र म्हण. मी कोणाला सांगणार नाही.”

लहानूने वर पाहिले. मंत्र त्याला अजून पाठ होता. पोर डोळ्यांदेखत निस्तेज होत होती, आणि ती दगावली तर बोल त्यालाच लागणार होता. तो म्हणाला, “मास्तर, त्यो म्या सोडला. माझ्यापाशी आता परभूच हाये. तुमीबी माझ्यासंगट म्हना.”

आणि त्याने पोरीचा हात धरून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. साधी, खेडवळ प्रार्थना. “परभू, लेकरू तुजं हाये. ईख उतरव. आमी समदी तुज्या पायाशी बसलोय.” बायकांनी ती त्याच्यामागून म्हटली, गवंड्यांनी म्हटली.  मग मास्तरही त्या मंत्रवाल्याच्या मागून एकेक शब्द म्हणू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

गाडी जुंपून झाली तोवर पोरीचे हातपाय ऊन झाले होते. कळ खांद्यावरून कोपरात आली, कोपरातून मनगटात, आणि सुवार्ता उठून बसली. तिने प्यायला पाणी मागितले. धन्य तो प्रभू आणि धन्य त्याची माया!

मास्तर धावत महाराजांच्या पायांशी आले. महाराज पाय मागे घेत म्हणाले, “मी तर चुनाच कालवत होतो.”

मास्तर तिथेच मातीत बसले. सगळ्या मंडळीसमोर ते म्हणाले, “माझ्या घरात तीन पिढ्या प्रभूचं नाव आहे. पण जिवावर बेतलं तेव्हा मला मंत्र आठवला, आणि याला प्रभू आठवला. महाराज, उद्या बाहेर मी बसतो.”

 महाराजांनी लहानूकडे पाहिले. लहानू पुढे आला आणि अवघडून म्हणाला, “आसं नगा करू, मास्तर. उद्या म्हाताऱ्या मानसाला ऊन लागंल. आत या, माझ्या शेजारी जागा हाये.”

अमृतराव मास्तरांनी मान खाली घातली आणि लहानूच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके टेकले.