रवळूचा कौल

खाडीवर पूल नव्हता, त्या काळी कांदळखोल गावात रवळू नावाचा तरवाला होऊन गेला; आपल्या तरीतून, म्हणजे होडीतून, तो माणसे पलीकडे नेई. लोक त्याला मुका म्हणत. शब्द चुकीचा होता. रवळूला कंठ होता, वल्हे मारताना तो गुणगुणत असे; केवळ शब्द त्याच्या ओठांवर कधी आला नाही. तो कुणाच्या डोळ्यांत पाहत नसे, म्हणून गाव त्याच्याकडे तिरपे पाही. “बोलणा नाय, म्हणजे पोटात कायतरी आसा,” असे बायका त्याच्याच तरीत बसून म्हणत.

एके दिवशी मानकऱ्यांची नात शेवंती हरवली. शेवटची दिसली ती रवळूच्या तरीत. तेव्हापासून रवळू भेटेल त्याचे मनगट धरून ओढत होता. लोकांना वाटले, अंगावर येतो आहे. त्यांनी त्याला धरून देवळात आणले.

“पोरगी खंय? बुडयलंस? लपयलंस? बोल!” मानकरी ओरडले. रवळू कान झाकून डुलत राहिला. हीच कबुली, असे सर्वांनी ठरवले. बाहेर भरती लागली होती.

त्या देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून कौल घेत: उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रवळूची बहीण आवडी पुढे झाली. “गुरवांनू, देव तरी खंय बोलता? पाकळी पडापर्यंत तुमी गप बसतास. माझ्या भावाकय तितकोच येळ द्या.”

“मगे ह्येका निवेद पण दाखवा!” मानकरी हसले.

गुरवाने मात्र रवळूच्या दोन्ही तळहातांवर एकेक पाकळी ठेवली. पोर जिवंत आहे का, एवढेच विचारले आणि तो थांबला. मंडपात कुजबुज चालली होती: ढोंग आहे, ढोंग. फार वेळाने रवळूने उजवी पाकळी सोडली आणि गुरवाचे मनगट धरले. या वेळी गुरव त्याच्यामागे गेला.

खाडीकाठच्या कांदळवनात, मुळांत पाय अडकून शेवंती उभी होती; एकट्याच्या हाताने ते सुटण्यासारखे नव्हते. पाणी गळ्याशी आले होते. तिला सोडवेपर्यंत भरती जागच्या जागी थांबून राहिली, असे म्हणतात.

तरी संशय सरला नाही. त्याला बोलता येत होते, तो मुद्दामच बोलला नाही, असे कित्येक जण मरेपर्यंत म्हणत होते.

अजूनही तेथे कौलाच्या दिवशी पहिल्या दोन पाकळ्या देवाला लागत नाहीत. गावात जो बोलत नाही, त्याच्या तळहातांवर त्या ठेवतात. प्रश्न एकदाच विचारायचा असतो. तळहात हलेपर्यंत मानकऱ्यांनाही ओठ उघडण्याची मुभा नसते.