अंतऱ्यातले चार सेकंद

"...मग तिथे तुम्ही थांबता ते कशासाठी, बुवा?"

हा प्रश्न विचारताना कौस्तुभच्या मांडीवर चौतीस पानं होती आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. ती पानं त्या उत्तराचीच होती. बुवांच्या तोंडून एखादं वाक्य मिळालं की ते प्रकरणाच्या सुरुवातीला टाकायचं आणि प्रबंध बांधणीला द्यायचा, एवढंच काम उरलं होतं.

सखारामबुवा नेसरीकर खाटेवर उशीला टेकून बसले होते. गडहिंग्लजच्या त्या दोन खोल्यांत दिवस कलत आला होता.

मी ठेका धरायला गेलो होतो. एम.ए.ला कौस्तुभ आणि मी बरोबरचे, तो गायनाला, मी तबल्याला. तबलेवाल्याला सहसा कुणी काही विचारत नाही. मलाही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

बुवांकडे पूरिया रागातला एक विलंबित ख्याल होता. तो त्यांच्या गुरूंचा. गुरू गेले, गुरुबंधूही एकेक करत गेले, आणि तो ख्याल त्या पद्धतीने गाणारे बुवा एकटेच राहिले. त्यांच्या गुरूंना यंत्रापुढे गाण्याचं वावडं होतं. बुवांनीही तो नेम उतारवयापर्यंत पाळला, म्हणून जुनं ध्वनिमुद्रण एकही नाही. दोन वर्षांपूर्वी कौस्तुभने फार गळ घातली तेव्हा कुठे त्यांनी यंत्र समोर ठेवू दिलं. शिष्य म्हणावा असाही आता तोच एक होता.

त्या ख्यालाच्या अंतऱ्यात, दुसऱ्या ओळीत, गाणं अगदी भरात आलेलं असताना बुवा मध्येच थांबत. ठेका चालू असे, आवाज नसे. मग गंधारावर उतरून ते मुखडा धरत आणि समेवर येत.

कौस्तुभने हे थांबणं संगणकावर मोजलं होतं. आधी दीड सेकंद, पुढे अडीच, गेल्या दिवाळीपासून चार. त्याचा त्याने आलेख काढला आणि खाली लिहिलं, की कलावंताचं चिंतन उत्तरोत्तर खोल होत गेल्याचं यातून दिसतं. मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्यापुढे पेन्सिलीने 'सुंदर' असा शेरा दिला होता. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं. विद्यापीठात आम्हाला काय काय पटायचं, ते आठवलं की आता हसूही येत नाही.

परवा मंचावरची परीक्षा होती. तिथे तो हाच ख्याल गाणार होता.

त्याच्या प्रश्नावर बुवा म्हणाले, कागदांत काय लिहिलंय ते वाच. कौस्तुभने प्रकरणाचं नाव वाचलं, 'मौनाचं सौंदर्य'. मग दोन पानं वाचली. तो वाचतोही छान. बुवा खिडकीकडे बघत होते.

"गाऊन दाखव," ते म्हणाले.

मी ठेका धरला. कौस्तुभ गायला, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगला गायला. अंतरा आला. दुसऱ्या ओळीत नेमक्या मात्रेवर तो थांबला. थांबण्याआधी बुवा घशात बारीकसा आवंढा गिळत असत. तोही त्याने गिळला. चार सेकंद गेले. मग गंधार, मुखडा, सम.

मी बुवांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्यांनी उशीखाली हात घालून पंप काढला, तोंडात धरून दोनदा दाबला आणि छाती खाली बसेपर्यंत थांबले.

"मला दम लागतो रे तिथं," ते म्हणाले.

...

"तीन वर्षं झाली. ती ओळ एका श्वासात न्यायची असते. मला पुरत नाही."

मांडीवरची पानं कौस्तुभने उगाच सारखी केली.

"तो आवंढा पण घेतलास," बुवा म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नव्हता. "म्हणजे मी गेल्यावर काय राहणार, तर माझा दमा."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. कौस्तुभची मान खाली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. चौतीस पानं गेली, याची त्याला लाज वाटत असणार. निदान आधी तरी तेवढंच असेल. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की पानांचं काही विशेष नाही. तिथे काहीतरी होतं, ते त्याने कधी ऐकलंच नाही, आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याला आता ते गाता येत नाही.

"तिथे काय आहे, बुवा?"

बुवांनी स्वर सांगितले. तीव्र मध्यम, धैवत, निषाद, परत मध्यम, गंधार. कौस्तुभने लिहून घेतले आणि कागदाकडे बघतच राहिला. पूरियाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर हेच असतं.

त्याने ते गाऊन पाहिलं.

"नव्हे," बुवा म्हणाले.

निषादावर जरा रेंगाळून गायला. नव्हे. मध्यमावरून घसरत आला. नव्हे. स्वर चुकताहेत का, असं त्याने विचारलं, तर स्वर बरोबर आहेत म्हणाले.

"तू बघितलं नाहीस का कधी?" बुवांनी विचारलं. "मी हातानं दाखवतो की. गळा राहतो मागं, पण हात जातो."

कौस्तुभने मान हलवली. त्याने खरंच बघितलं नव्हतं. बुवा गायला लागले की तो डोळे मिटून बसायचा. आमच्या वर्गात सगळेच तसे बसायचे. डोळे उघडे ठेवून ऐकणारा आम्हाला कच्चा वाटायचा.

मी मात्र पाहिलं होतं. साथीला बसलेला माणूस गवयाचा हात बघतोच, त्याशिवाय त्याचं भागत नाही. बुवांचा उजवा हात त्या चार सेकंदांत वर जायचा, मनगटात वळायचा, क्षणभर अडायचा आणि मग खाली यायचा. दर वेळी. मला वाटलं, कौस्तुभला हे ठाऊकच असेल. ही गोष्ट मला अजून डाचते.

"आता बघ," बुवा म्हणाले.

मी ठेका धरला. कौस्तुभने डोळे सताड उघडे ठेवून अंतरा सुरू केला. हात वर गेला, त्याच्यामागून कौस्तुभचा आवाज गेला.

"नव्हे."

परत हात, परत आवाज.

"जवळ आलास. पण नव्हे."

असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. एकदा बुवांना राहवलं नाही, त्यांनी स्वतः तोंड उघडलं. मध्यम लागला, धैवताला नुसती हवा आली आणि ते खोकत वाकले. सून आतून आली, त्यांची पाठ चोळत बसली. आमच्याकडे तिने एकदा बघितलं. कौस्तुभ रडवेला झाला होता. श्वास याच्यापाशी होता, ती जागा त्यांच्यापाशी होती, आणि मध्ये दोन हातांचं अंतर होतं.

खोकला थांबल्यावर बुवांनी खुणेनं पुन्हा म्हणायला सांगितलं.

या वेळी हात वर गेला, मनगटापाशी आला आणि तिथेच राहिला. बुवा हाताकडे बघत होते. त्यांनी तो एका बाजूला वळवला, मग दुसऱ्या, मग हळूच गोधडीवर ठेवून दिला.

"काय झालं, बुवा?"

"तुझं इतक्या वेळा ऐकलं..." ते म्हणाले. "आता माझं मला ऐकू येईना झालंय."

...

सुनेनं दिवा लावला. मी तबल्यावरचे हात कधी काढून घेतले, मला कळलं नाही. कौस्तुभ म्हणाला, उद्या येतो, विश्रांती झाली की आठवेल. बुवा नाही म्हणाले नाहीत. होय असंही म्हणाले नाहीत.

मग कौस्तुभने पानं पिशवीत घातली. प्रबंधातून ते प्रकरण काढून टाकतो, म्हणाला. बुवांना त्यात काही रस दिसला नाही.

"पण परवा काय करू?" त्याने विचारलं. "पाठ्यपुस्तकातले स्वर घालून ओळ भरू, की थांबू?"

"थांब," बुवा म्हणाले.

"म्हणजे पूर्वीसारखाच?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पूर्वी तू कुठं थांबत होतास? थांबत होतो तो मी."