तिसऱ्या मजल्यावरचे आजारी मामा

फार जुनी गोष्ट नाही ही. राजेरजवाडे कधीच गेले होते, इमारतींना लिफ्ट आली होती आणि ती बंदही पडू लागली होती, अशा काळातली आहे. एका शहरात एक भाडेकरू राहत होता. तिसरा मजला, एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि पुढे ऊन येणारी गॅलरी. माणूस सरळमार्गी, नोकरी बरी, लग्न अजून व्हायचं होतं. दोष म्हणाल तर एकच. समोरचा 'नाही' म्हणेल या भीतीने तो कुणाला काही विचारतच नसे. बसमध्ये शेजाऱ्याला "खिडकी उघडू का?" म्हणायचं धाडस होत नसे, म्हणून घामाने निथळत ऑफिसात पोचायचा.

आणि अशा माणसाला झाडांचं वेड!

घर दाखवताना एजंटने बजावलं होतं, "मालकीणबाई देवमाणूस आहेत, पण कुंड्या ठेवू देत नाहीत. मागच्या भाडेकरूची कुंडी कठड्यावरून घसरली ती थेट खाली उभ्या स्कूटरवर. तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मालकीणबाईंना भेटून म्हटलं असतं, मावशी, कठड्यावर नाही ठेवत, खाली फरशीवर ठेवतो, चालेल का? पण त्या 'नाही' म्हणाल्या तर काय घ्या! त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं आपल्या भाडेकरूने ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण ओढवून घेतलं.

राहायला आला तशी त्याने हळूहळू बाग लावली. रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वांगं, फुटक्या बादलीत झेंडू, फळांच्या खोक्यात मेथी आणि कोथिंबीर. तापवलेल्या खिळ्याने प्रत्येक डब्याच्या बुडाला भोकं पाडली. पाणी फरशीवर सांडू नये म्हणून खाली जुन्या ताटल्या ठेवल्या. चहाचा चोथा, भाजीची सालं, सगळं कुजवून मातीत घातलं. सगळ्यात लाडका होता टोमॅटो. तो एका मोठ्या ड्रममध्ये, काठीचा आधार देऊन गॅलरीच्या मधोमध. सकाळी दात घासता घासता भाडेकरू त्याच्याशी गप्पा मारायचा.

मालकीणबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि अधूनमधून खुशाली विचारायला यायच्या. पण खालच्या मजल्यावरच्या काकू भाडेकरूच्या बाजूच्या होत्या. म्हणजे आठवड्याला एक जुडी कोथिंबीर आणि मूठभर मिरच्या मिळत, तोवर होत्या. मालकीणबाई फाटकाशी दिसल्या की काकू लाटण्याने वर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपवर ठणठण वाजवायच्या. मग तिसऱ्या मजल्यावर जी तारांबळ उडे ती विचारू नका. मिरची मोरीत, वांगं पलंगाखाली, झेंडू कपाटात, मेथीवर चादर. मालकीणबाई गुडघे धरत तीन जिने चढेपर्यंत घर कसं लख्ख. त्या म्हणायच्या, "किती टापटीप राहतोस रे बाबा! नाहीतर हल्लीची मुलं!" आणि भाडेकरू खाली मान घालून चहा ठेवायचा.

असं बरंच चाललं. पण टोमॅटो वाढत गेला. माणसाच्या खांद्याला लागला, फांद्या चहूकडे पसरल्या, हिरवी फळं धरली. मोरीत मावेना, पलंगाखाली जाईना. आणि एका रविवारी पाइप ठणठणला.

भाडेकरूने बाकीची झाडं दडवली. टोमॅटो कसाबसा ओढत खोलीत आणला आणि मध्येच हात टेकले. जिन्यावर चपला वाजत होत्या. त्याला काही सुचेना. समोर खुर्ची होती, खुर्चीवर शाल होती, खुंटीला कानटोपी होती. त्याने ड्रम खुर्चीपुढे सरकवला, झाड मागे रेलवून खुर्चीला टेकवलं, शाल लपेटली आणि काठीच्या टोकावर कानटोपी चढवली. तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे.

मालकीणबाईंची नजर अधू होती आणि चष्मा फक्त पोथी वाचताना लावायचा, असा त्यांचा हट्ट होता. त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई! पाहुणे आलेत वाटतं?"

"मामा," भाडेकरूच्या तोंडून गेलं. "माझे मामा. गावाहून आलेत. बरं नाहीये त्यांना."

"तरीच औषधाचा उग्र वास येतोय," मालकीणबाई म्हणाल्या. टोमॅटोच्या पाल्याला वास असतो हे ज्यांनी तो लावलाय त्यांना माहीत आहे. "काय हो मामा, काय होतंय?"

"त्यांचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

तेवढ्यात पंख्याचा वारा लागून कानटोपी हलली.

"बघ, मान डोलावली हो!" मालकीणबाई सुखावल्या. "माणूस मोठा मायाळू दिसतो. पडू दे बापड्याला. मी नाही आत येत."

त्या गेल्या आणि भाडेकरूचा जीव भांड्यात पडला. वेळ मारून नेली म्हणून त्याने स्वतःची पाठही थोपटून घेतली. त्याला वाटलं, संपलं.

संपतंय कसलं! दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप वाजला. मालकीणबाई मामांसाठी गरम पेज घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आल्याचा काढा. पुढे मुगाचं कढण. पूर्वी महिन्यातून एकदा येणारी बाई आता रोज यायला लागली, तीही कुठल्याही वेळेला. रोज झाड आत-बाहेर करून भाडेकरूची कंबर धरली. शेवटी त्याने टोमॅटोला खुर्चीतच मुक्कामाला ठेवलं, शाल-टोपीसकट. पेज आणि काढा तो स्वतःच पिऊन टाकी. त्यामुळे त्याची तब्येत मात्र छान सुधारली.

मालकीणबाई दारातूनच मामांशी बोलायच्या. लेकीच्या सासरचं सांगायच्या, गुडघ्यांचं सांगायच्या. मध्ये कुणी तोडत नाही, उलट सल्ला देत नाही, असा श्रोता त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. एकदा मात्र त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "काय रे, तुझे मामा बसल्या बसल्या उंच झाल्यासारखे वाटतात?"

"उशी घातलीय पाठीला," भाडेकरू म्हणाला. थापा मारायला आता त्याला विचारही करावा लागत नव्हता.

एके दिवशी काकू कोथिंबिरीची जुडी न्यायला वर आल्या, त्या तोंड पाडूनच.

"भाऊजी, एक कळलं का? तुमच्या मामांसाठी मालकीणबाईंनी नवस बोललाय. मामा उठून हिंडाफिरायला लागेपर्यंत टोमॅटो सोडलाय त्यांनी."

"काय सोडलाय?"

"टोमॅटो! अहो, त्यांना टोमॅटोच्या साराशिवाय भात जात नाही. सगळ्यात आवडीचं सोडावं लागतं ना नवसाला. आता नुसता ताक-भात कालवतात आणि दोन घासांत उठतात. केवढ्या वाळल्या हो!"

भाडेकरूने वळून पाहिलं. समोर खुर्चीत मामा बसले होते आणि शालीच्या आत पिकत आलेले टोमॅटो होते. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आपण एका भल्या बाईला उपाशी ठेवतोय, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता काय करू हो काकू?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

काकूंनी थोडा विचार केला. "मामांना मारून टाका."

"काकू!"

"मग गावी पाठवा. बरे झाले, गेले. त्यांचा नवस सुटला, तुमचं झाड वाचलं. हाय काय अन् नाय काय!"

हे त्याला पटलं. एक शेवटची थाप, मग पुन्हा नाही. मालकीणबाई कढण घेऊन आल्या तेव्हा मामा फांद्या आवळून कसेबसे मोरीच्या दाराआड कोंबलेले होते आणि भाडेकरू हसतमुखाने उभा होता.

"मावशी, मामा खडखडीत बरे झाले! पहाटेच्या एसटीने गावी गेले."

मालकीणबाईंनी डबा खाली ठेवला, हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "देव पावला रे बाबा. आमच्या ह्यांना असंच झालं होतं. असेच खुर्चीत बसून असायचे. तेव्हा मला काही करता आलं नाही. म्हणून या वेळी जिवाला लावून घेतलं." त्यांनी डोळे पुसले. "बरं, आता गावाचा पत्ता दे."

"कुणाच्या?"

"मामांच्या! नवस असा मध्येच सुटत नाही. माझ्या हातचं सार आधी त्यांच्या पुढ्यात ठेवायचं, मग मी खायचं, असं बोललेय मी. उद्या डबा घेऊन निघते. एसटी कुठपर्यंत जाते?"

"फार आडबाजूला आहे हो मावशी. पुढे चालावं लागतं. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलास? जाईन बसत उठत."

आता भाडेकरूपुढे दोन वाटा होत्या. गावाचं एखादं नाव ठोकून द्यायचं आणि ही बाई साराचा डबा घेऊन अनोळखी रस्त्यावर नसलेल्या मामांचं घर विचारत हिंडेल, ते सोसायचं. नाहीतर खरं सांगायचं. खरं सांगितलं की बाग जाणार, घरही जाणार, आणि घरासाठी पुन्हा एजंटची दारं धरावी लागणार. गावाचं नाव त्याच्या ओठांवर आलंसुद्धा होतं. पण मालकीणबाईंनी पत्ता लिहून घ्यायला पिशवीतून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. पोथीशिवाय कधी न लावलेला चष्मा. त्याला ते पाहवेना.

"मावशी, मामा नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे? गेले?"

"गेले नाहीत. नव्हतेच. मोरीत आहेत."

मालकीणबाईंना हा काही मेळ लागेना. शेवटी भाडेकरूने दार उघडलं, ड्रम ओढत बाहेर आणला आणि मामांची कानटोपी काढली. मग शाल काढली. मग पलंगाखालून वांगं, कपाटातून झेंडू, चादरीखालून मेथी, एकेक करून सगळा मुद्देमाल त्यांच्यासमोर मांडला आणि मान खाली घालून उभा राहिला.

मालकीणबाई डोळ्यांवरच्या चष्म्यातून मामांकडे बघत होत्या.

"या झाडाला मी माझ्या लेकीची भांडणं सांगितली?"

"हो."

"याच्यासाठी मी मुगाचं कढण केलं?"

"छान झालं होतं ते."

"आणि टोमॅटोसाठी टोमॅटो सोडला?"

मालकीणबाई संतापल्या, आणि चांगल्याच संतापल्या. पण कुंड्यांवरून नाही. "झाडं लपवलीस ते राहू दे, माझी काळजी फुकट घालवलीस त्याचा राग येतोय मला," असं त्या म्हणाल्या, आणि भाडेकरू रडला. लाजेने रडला.

मग त्या वाकल्या आणि झाडाची पानं हाताने चाचपू लागल्या. इतके दिवस शालीत कोंडून पानं पिवळी पडली होती, शेंडे लोंबले होते, दोन फांद्या वाळल्या होत्या.

"अरे, यांना खरंच बरं नाहीये की!" त्या म्हणाल्या. "कसली पेज नि कसला काढा! ऊन पाहिजे यांना. उचल त्या बाजूने."

आणि ज्या बाईंना कुंडी चालत नव्हती त्यांनीच पदर खोचून ड्रमला हात लावला. दोघांनी मिळून मामांना गॅलरीत नेलं. मालकीणबाईंनी कठडा पाहिला, फरशी पाहिली, ताटल्या उचलून त्यांच्याखाली ओल आहे का तेही पाहिलं.

"एवढं जपतोस, तर विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"म्हटलंही असतं," मालकीणबाई म्हणाल्या. "मग तू मला या ताटल्या दाखवल्या असत्यास, आणि मी हो म्हटलं असतं. मला निदान नाही म्हणायची संधी तरी द्यायचीस!"

त्यांनी अटी घातल्या. कठड्यावर काही ठेवायचं नाही. काही लपवायचं नाही. आणि नवस फेडायचा, तो भाडेकरूने. म्हणजे शालीतून निघालेले पिकले टोमॅटो घेऊन तो त्यांच्या घरी गेला आणि त्यांनी सांगितलं तसं स्वतःच्या हाताने सार केलं. पहिली वाटी मामांच्या पुढ्यात ठेवायची ठरली होती, म्हणून ती झाकून पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आणली. मालकीणबाईंनी ड्रमपुढे वाटी ठेवून नमस्कार केला. मग तिथेच फरशीवर बसून त्या भाताबरोबर पोटभर सार जेवल्या. मीठ जास्त झालं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

काकूंचं तेवढं नुकसान झालं. पाइप वाजवायचं कामच उरलं नाही, तेव्हा कोथिंबीर त्यांना आता भाजीवालीकडून घ्यावी लागते.

मालकीणबाई अजूनही तीन जिने चढून येतात. पण हल्ली त्या भाडेकरूकडे येत नाहीत. सरळ गॅलरीत जातात, स्टूल ओढतात आणि म्हणतात, "तर काय झालं मामा, लेकीची सासू परत आलीय."

तात्पर्य काय, तर विचारायला एकदाच तोंड उघडावं लागतं, लपवायला रोज उघडावं लागतं. आणि 'नाही' ऐकून आजवर कुणी आजारी पडलेलं नाही, झाडसुद्धा नाही.