पहिला वाटा

फार मागच्या काळातली ही गोष्ट. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या अफाट माळावर ब्लॅकफीट नावाचे आदिवासी लोक राहत. केसाळ रानगव्यांचे कळप जिकडे जात, तिकडे हे लोक आपले तंबू घेऊन जात. गव्याचं मांस हे त्यांचं जेवण आणि गव्याचं कातडं हेच त्यांचं घर.

त्यांच्यात दूरपाहे नावाचा शिकारी होता. शिकार मिळाली की पहिला वाटा तो म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या तंबूंत पोचवी. मगच पाणकणीस नावाची त्याची बायको चूल पेटवी.

पुढे परमुलखातून बंदुकवाले आले. कातड्यांसाठी त्यांनी इतके गवे मारले की माळ ओस पडला. दूरपाहे रोज टेकडीवर जाई आणि रिकाम्या हातांनी परते. हळूहळू त्याने म्हाताऱ्यांच्या तंबूंवरून जाणंही सोडलं. त्याला तोंड दाखवायची लाज वाटे.

एका हिवाळ्यात पाणकणीसने साळिंदराच्या रंगीत काट्यांनी सजवलेलं आपलं लग्नातलं पांघरूण शेजारी येऊन राहिलेल्या एका गुराख्याला दिलं आणि त्याच्या बदल्यात एक गाभण गाय आणली. गाय पाळणं हे शिकाऱ्याचं काम नव्हे, असं दूरपाहे म्हणाला. ती भांडली नाही. गाय त्याच्यासमोर सोडून ती लाकडं आणायला गेली.

बर्फ पडत होतं. गव्याने डोक्याने बर्फ सारून गवत खाल्लं असतं. ही गाय नुसती उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"एवढंही येत नाही होय तुला?" असं पुटपुटत तो उठला आणि हातांनी बर्फ उकरू लागला. पाणकणीस परतली तेव्हा तो गायीची पाठ झाडत होता. ती गालात हसली.

गायीला वासरं झाली, वासरांना वासरं झाली. मग एक फार कडक हिवाळा आला. दूरपाहेने एक बैल कापला. शेजारच्या गुराख्याने सांगितलं की हिवाळा लांबणार, मांस खारवून घरातच ठेव. सल्ला काही खोटा नव्हता.

दूरपाहे सुरी घेऊन बसून राहिला. "हे गव्याचं मांस नाही," तो बायकोला म्हणाला. "हे घेऊन कुणाच्या दारात कसा जाऊ?"

"गवे गेले," ती म्हणाली, "पण वाटा देणारा तू आहेस ना अजून?"

तो उठला आणि सर्वांत थकलेल्या आजीच्या तंबूत गेला. आजीने घास बराच वेळ चावला.

"चव वेगळी आहे," ती म्हणाली. "पण हात ओळखीचा आहे. मांस नव्हतं तरी यायचं होतंस, बाळा."

 दूरपाहे तिच्या पायांशी बसला. मग उठून दारोदार वाटे देत फिरला.

हिवाळा खरंच लांबला आणि त्याच्या घरातलं मांस संपलं. तेव्हा कुणी सुकवलेली रानबोरं आणली, कुणी कंद आणले. तरण्या पोरांनी आळीपाळीने लांडग्यांपासून गुरं राखली. त्या वस्तीतल्या प्रत्येकाने वसंत पाहिला.

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, काळ बदलला की ताटातलं अन्न बदलतं; ते वाटून खाण्याची रीत मात्र बदलू देऊ नये.