आज्याच्या अर्ध्या भाकरीची कहाणी

ऐका सटवाई, तुमची कहाणी. बायांनो ऐका, आणि मुलांनो, तुम्हीही ऐका. उठून खेळायला पळू नका, कहाणी तुमचीच आहे.

आटपाट नगर होतं. तिथं एक कासार होता. घरात कासारीण होती, कासाराचा म्हातारा बाप होता, लग्नाची बहीण होती, आणि सगुणी नावाची लहानगी लेक होती. भिंतीला भिंत लावून एक शेजारीण राहात होती. तिचं लक्ष आपल्या चुलीपेक्षा दुसऱ्याच्या दारात जास्त.

कासारणीला मुलगा झाला. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. सगुणीनं विचारलं, "आई आई, बाळ कुठून आलं?" कासारीण म्हणाली, "बाजारातून आणलं. जा, बाहेर खेळ." मग काय झालं? बाळ रडू लागलं. सगुणीनं त्याला टोपलीत घातलं, टोपली ओढत बाजाराची वाट धरली. शेजारणीनं गल्लीच्या टोकाला गाठलं. "कुठं गं निघालीस?" "हे रडकं आहे. बदलून आणते." शेजारणीनं दोघांना घरी आणलं. म्हणाली, "अगं, खरं सांग तिला." कासारीण म्हणाली, "शेजारीणबाई, तुम्हांला नसत्या चौकशा!"

मग आत्याचं लग्न झालं. अक्षता पडल्या, वऱ्हाड गेलं. "आई आई, आत्या कुठं गेली?" "विहिरीवर गेली. जा, बाहेर खेळ." सगुणी विहिरीच्या काठावर जाऊन बसली, दिवेलागणीपर्यंत बसली. शेजारणीनं हाताला धरून आणली. "अगं, आता तरी सांग." "उद्या सांगेन." तो उद्या काही उजाडला नाही.

मग म्हातारा मेला. "आई आई, आजा कुठं गेला?" कासारीण म्हणाली, "परगावी गेला. तुला हिरव्या बांगड्या आणील. जा, बाहेर खेळ." सगुणी खेळली नाही. आज्याच्या वहाणा पुसून दारात ठेवल्या. रोज आपली अर्धी भाकर टोपलीखाली झाकायची. म्हणायची, आजा भुकेला येईल.

दहावा दिवस आला. नदीवर पिंड ठेवले. कावळे आले, झाडावर बसले, पण पिंडाला शिवेनात. कासार म्हणाला, "बाबा, नातवाचं जावळ थाटात काढीन." कावळा हलेना. "बाबा, बहिणीला दर सणाला माहेरी आणीन." कावळा हलेना. कासारणीनं पदर पसरला, "मामंजी, माझं काही चुकलं का?" कावळा हलेना. ऊन माथ्यावर आलं. बाप उपाशी राहिला म्हणून कासार रडू लागला.

इतक्यात शेजारीण आली. एका हाताला सगुणी होती, सगुणीच्या ओटीत वाळल्या भाकरी होत्या. कासारीण ओरडली, "इथं कशाला आणलंत? लेकरू भिईल!"

शेजारीण म्हणाली, "भिईल तर तुझ्या कुशीत भिईल. म्हातारा जाईल कसा? त्याचं पान अजून घरी मांडलेलं आहे. खिडकीतून रोज बघते मी."

मग कासारीण खाली बसली. लेकीला मांडीवर घेतलं. म्हणाली, "सगुणे, मी खोटं सांगितलं. तुझा आजा मेला. तो आता यायचा नाही."

"वहाणा घातल्या नाहीत त्यानं. पाय भाजतील ना!"

"नाही गं. आता त्याला भाजत नाही, दुखत नाही, भूकही लागत नाही."

"मग हे पिंड कशाला?"

"आपल्याला त्याला जेवू घालावंसं वाटतं म्हणून."

सगुणी रडली, पुष्कळ रडली. मग उठली. ओटीतल्या भाकरी पिंडापाशी ठेवल्या. म्हणाली, "आजा, जेव. मी आता वाट बघत नाही." कावळा उतरला. पिंडाला शिवला, भाकरीचा तुकडा घेऊन उडाला.

कासारणीनं विचारलं, "बाई बाई, लेकराला खरं सांगायचा हा वसा कसा वसावा?" शेजारीण म्हणाली, "टाळशील, विसरशील, लेकराला बाहेर घालवशील." "टाळणार नाही, विसरणार नाही, लेकराला बाहेर घालवणार नाही." "मग ऐक. घरी पाळणा टांगला, लेकराला सांगावं. दारी मांडव पडला, सांगावं. तिरडी बांधली, तरी सांगावं. मांडीवर बसवावं, विचारील तेवढं सांगावं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं. याचं उद्यापन नाही, घरोघरी लेकरं येतच असतात."

पुढं बाळाचं जावळ काढलं. ते घाबरून रडायला लागलं. सगुणी त्याच्यापाशी बसली, म्हणाली, "केस जातात, पुन्हा येतात. आजा गेला तसं नाही हे." बाळ उगी राहिलं.

ती शेजारीण कोणी म्हणतं सटवाई होती, कोणी म्हणतं नुसतीच चौकस बाई होती. सगुणीची वाट पाहणं जसं संपलं, तसं दारात बसलेल्या प्रत्येक लेकराचं संपो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं, लेकरांच्या देखत, सुफळ संपूर्ण.